गिअरबॉक्समधला आवाज

त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. शहरातल्या तीस-बत्तीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे देखभालीला होत्या आणि त्या धंद्यात त्याच्या कानाचा मोठा दबदबा होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मोटर चालू करायला सांगायचं, डोळे मिटून दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग म्हणायचं, "वरच्या चाकाचं बेअरिंग. दोन महिने काढेल. पुढचं मी सांगत नाही." दोन महिन्यांनी ते बेअरिंग खरंच जायचं. एका बल्बच्या खर्चावर तीन-तीन बैठका घेणारे सोसायटीचे सेक्रेटरी, त्याने दोर बदला म्हटलं की मुकाट्याने दोर बदलायचे.

अशा माणसाला एका गाडीचं वेड लागलं.

घरची गाडी चौदा वर्षांची, काडेपेटीएवढी. तिच्यात घरची पाच माणसं बसवायची म्हणजे धाकट्याला आजीच्या मांडीवर द्यायचं आणि थोरलीने गुडघे हनुवटीला लावून बसायचं. गाडी बदलायला हवी यावर घरात दुमत नव्हतं. भांडण होतं ते कुठली घ्यायची यावर. बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिचा सगळा हिशेब थेंबाथेंबाचा. तिने एक उंच, डब्यासारखी, नवी गाडी पाहून ठेवली होती. दारं मोठी, सीट उंच, पेट्रोल कमी. लिफ्टवाल्याला मात्र लांब, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी सेडान हवी होती. चामड्याच्या सीट, वर उघडणारं काचेचं छप्पर, आणि पाय टेकवला की छातीत धडकी भरावी असं इंजिन.

"त्या गाडीतून आईंना बाहेर काढायला तुमचीच एखादी लिफ्ट लागेल," बायको म्हणायची.

"नवी घ्यायची ऐपत नाही हे मला कळतं ग," तो म्हणायचा. "पण दहा वर्षांनी त्याच गाडीची किंमत तुझ्या डब्याएवढी होते. नवी असताना श्रीमंत घेतात, जुनी झाल्यावर शहाणे घेतात."

"आणि दुरुस्तीला वेडे नेतात."

वर्षभर हे चाललं. शेवटी बायको दमली म्हणा, किंवा नवऱ्याने बारा वर्षांत स्वतःसाठी बुटांखेरीज काही घेतलं नाही हे तिच्या लक्षात आलं म्हणा, ती तयार झाली. मात्र तिने एक आकडा सांगितला आणि बजावलं, "याच्यावर एक पैसासुद्धा नाही. मिळाली तर तुमचं नशीब, नाही तर डबा."

मग दर रविवारी लिफ्टवाला आणि बारा वर्षांची थोरली जुन्या गाड्या बघत हिंडू लागले. एका गाडीत अत्तराचा एवढा घमघमाट होता की त्याने पायाखालची सतरंजी उचलून पाहिली, तर खाली ओल आणि बुरशी. एकाने मीटर मागे फिरवला होता, पण ब्रेकचं पॅडल झिजून गुळगुळीत झालं होतं. एकाने शपथ घेऊन सांगितलं की गाडीला ओरखडाही गेलेला नाही. लिफ्टवाल्याने बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "इथे खाली पुट्टी आहे. आवाज बद्द येतो, ऐक." थोरलीने टिचकी मारून ऐकलं. परत येताना ती बापाकडे अशी बघायची की जणू तो भिंतीपलीकडचं ओळखतो.

"बाबा, लोक इतकं खोटं का बोलतात?" तिने एकदा विचारलं.

"समोरच्याला कळत नाही असं वाटतं ना, म्हणून," तो म्हणाला. तेव्हा त्याला ते उत्तर फार आवडलं होतं.

तिसऱ्या महिन्यात बाईंची गाडी सापडली.

बाई म्हणजे शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांनी नोकरी संपल्यावर आयुष्यातली एकमेव चैन म्हणून ही गाडी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी ते गेले. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. गर्द निळी सेडान इमारतीच्या तळघरात आच्छादनाखाली उभी होती. महिन्यातून एकदा त्यांचा जुना मेकॅनिक येऊन तिला एक चक्कर मारून आणायचा.

त्या रविवारी बायको, थोरली आणि धाकटा, सगळेच आले होते. बाईंनी जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तारखेनुसार लावलेली. "दहा वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली आहे," त्या म्हणाल्या. "सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याच्याशिवाय कुणी बॉनेट उघडलेलं नाही. तुम्ही कुठे असता?"

"लिफ्टमध्ये," तो म्हणाला. "म्हणजे लिफ्टचं काम करतो. माझ्या हाताखालून मशीनं जातात."

"अरे वा, इंजिनिअर! मग तुम्हाला मी काय सांगणार!"

तो इंजिनिअर नव्हता. पण त्याने ते सांगितलं नाही.

गाडी रस्त्यावर आली आणि लिफ्टवाला हरवूनच गेला. स्टिअरिंगवर बोट ठेवावं आणि गाडीने मनातलं ओळखावं. गिअर केव्हा बदलला ते कळायचंही नाही. एवढं सुरेख, एवढं निर्मळ मशीन त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेजारी बाई, मागे बायको आणि दोन्ही मुलं. धाकटा छताच्या काचेतून ढग मोजत होता. बायकोसुद्धा हळूच सीटवरून हात फिरवत होती, हे त्याने आरशात पाहिलं.

पण अडचण होती किमतीची. बाईंनी सांगितलेली रक्कम वाजवी होती. उलट थोडी कमीच होती. तरी बायकोच्या आकड्यापेक्षा ती बरीच वर जात होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो विचार करत होता, घासाघीस करायची तर कशावरून करायची? गाडीत नाव ठेवायला जागाच नव्हती.

आणि मग त्याच्या तोंडून शब्द गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात, तसं झालं.

"बाई, हा आवाज येतोय तो कधीपासून?"

"कुठला आवाज?"

"गिअरबॉक्समधून. ऐका... आता. घर्र करून. गेला." त्याने मान तिरपी केली आणि डोळे बारीक केले, अगदी मशीनच्या खोलीत करायचा तसेच.

बाईंनीही मान तिरपी केली. "मला नाही हो येत."

"तुम्हाला नाही येणार. सवयीचा कान लागतो. हे बघा, पुन्हा."

तेवढ्यात मागून थोरली म्हणाली, "हो, मलाही आला! बारीकसा. चक्कीसारखा."

लिफ्टवाल्याची नजर आरशात गेली. थोरलीचा चेहरा उजळला होता. तिच्या शेजारी बायको खिडकीबाहेर बघत होती.

तिथेच थांबला असता तरी निभावलं असतं. पण एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. बाई घाबरल्या तर किंमत उतरेल असं त्याला वाटलं आणि तो बोलत सुटला. आतलं बेअरिंग झिजलंय, आज नुसता आवाज आहे, पण उद्या मोठ्या रस्त्यावर वेगात असताना गिअरबॉक्स जाम झाला तर चाकं जागच्या जागी अडकतील, गाडी उलटायला वेळ लागणार नाही. पोटतिडकीने बोलत होता. बाईंच्या इमारतीत परत येईपर्यंत त्याचं स्वतःचंही जवळजवळ मन वळलं होतं.

"तरीही मी घ्यायला तयार आहे," गाडी तळघरात लावून तो म्हणाला. "दुरुस्तीचा खर्च मी करीन. तेवढे कमी करा." आणि त्याने बायकोचा आकडा सांगितला.

बाईंनी गाडीची किल्ली त्याच्या हातून घेतली आणि मुठीत घट्ट धरली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही, मी ही गाडी विकणार नाही."

"अहो, किमतीचं आपण बघू..."

"किमतीचा प्रश्न नाही हो. मागे ही दोन लेकरं बसणार. तुम्ही आत्ताच म्हणालात, चाकं अडकतील म्हणून. मी माझ्या हाताने तुम्हाला ही गाडी देऊ? रात्री झोप लागेल मला?"

लिफ्टवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तसं नाही, इतकं काही धोक्याचं नाहीये..."

"धीर देऊ नका मला. तुम्ही होतात म्हणून कळलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसून गाडी नेली असती, नाही तर दुसऱ्याच्या गळ्यात मारली असती." बाईंचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार आहेत. आणि पोरी, तुझेसुद्धा. हुशार आहेस."

त्यांनी धाकट्याच्या खिशात मूठभर गोळ्या कोंबल्या आणि सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं. वर आणखी विचारलं, "तुमची तपासणीची फी काय होते?"

ते आपल्या जुन्या काडेपेटीतून घरी आले. वाटेत थोरली एकटीच बोलत होती.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने विचारलं, "अहो, आवाज कसला होता?"

"बेअरिंगचा. सांगितलं ना."

"मला नाही आला."

"तू मागे बसली होतीस."

"थोरलीही मागेच होती."

बायकोने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आकडा मी ठरवला होता. खोटं बोलायला मी नव्हतं सांगितलं."

"व्यवहारात थोडंफार चालतं ग असं. सगळे करतात."

"मग पोरीला सांगा ना तसं. आत्ता बोलवू?"

तिने बोलावलं नाही. पण तो उठून गॅलरीत गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच उभा राहिला. आजवर पकडलेले सगळे लबाड त्याला एकेक करून आठवले. ते निदान ओल झाकत होते, गंज झाकत होते. त्याने तर धडधाकट गाडीला रोग लावला होता, तोही आपल्या कानाच्या जोरावर. ज्या कानावर विश्वास ठेवून माणसं बाराव्या मजल्यावर पोरंबाळं घेऊन जातात, त्याच कानाच्या.

आता पुन्हा ते घर नाही की त्या बाई नाहीत, विसरून जाऊ, असं त्याने ठरवलं. चार दिवस ते जमलंही.

गुरुवारी बाईंचा फोन आला.

"इंजिनिअर साहेब, त्रास देते, पण दुसरं कुणी नाही मला. मी उस्तादला बोलावलं होतं. तो म्हणतो आवाज नाहीच. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या जाणकाराने ऐकलाय, लहान पोरीने ऐकलाय, तुलाच कसा येत नाही? तर वाद झाला. माझ्या तोंडून नको ते गेलं. म्हटलं, तुझे कान गेलेत उस्ताद, आता दुकान बंद कर. चार दिवस झाले, गाडी उघडून बसलाय बिचारा. तुम्ही एकदा गॅरेजवर येऊन त्याला तो आवाज ऐकवाल का? नाही तर सोमवारी मी गाडी भंगारात देऊन टाकते."

"भंगारात?"

"दुसऱ्याला विकून मी कुणाचा जीव घेऊ?"

तो येतो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी निघताना त्याने थोरलीला घरी ठेवायचा खूप प्रयत्न केला. "अभ्यास कर, तिथे तेल-ग्रीसमध्ये काय करणार?" पण ती चपला घालून तयार होती. "मीही ऐकला होता ना, बाबा. दोघांनी सांगितलं की पटेल त्यांना." बायको दारात उभी होती. तिने थोरलीला थांबवलं नाही.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. निळी गाडी मधोमध चौथऱ्यावर चढवलेली. खाली मोठ्या परातीत काढलेलं जुनं तेल, फडक्यावर ओळीने मांडलेले पाने. बाई प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या आणि उस्ताद त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. साठीच्या पुढचा, खांद्यात वाकलेला, बारीक माणूस. त्याच्या हातात लोखंडी सळई होती. तिचं एक टोक मशीनला लावायचं आणि दुसरं कानाला. लिफ्टवाल्याच्या पिशवीतही तसलीच एक असायची.

"या साहेब," उस्ताद म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुमचीच वाट बघत होतो. दाखवा कुठे आहे तो. तेल काढून बघितलं, कणसुद्धा नाही लोखंडाचा. सगळं जोडून नवं तेल भरलं. सळई लावून सगळीकडे ऐकलं. मला काही सापडत नाही. पण बाई म्हणतात पोरीला पण आला, म्हणजे असणार. माझंच काहीतरी बिघडलंय." तो ओशाळं हसला. "रोज घरी जाऊन बायकोला विचारतो, टीव्हीचा आवाज किती ठेवलायस? दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं काल. म्हटलं, दुसरीकडे दाखवा बाबांनो, माझ्या कानाचा भरवसा नाही. लोकांच्या ब्रेकचा प्रश्न असतो."

त्याने सळई पुढे केली. लिफ्टवाल्याने ती घेतली. इंजिन चालू झालं. त्याने सळई गिअरबॉक्सला टेकवली आणि कानाला लावली. आत सगळं स्वच्छ, संथ, एका लयीत फिरत होतं. भरल्या घरात सगळे गाढ झोपलेले असावेत, तसं. त्याने डोळे मिटले, कारण उघडे ठेवायची हिंमत नव्हती.

अजूनही वाट होती. रस्त्याचा आवाज असेल, टायरमध्ये खडा असेल, आता गेला, असं म्हणून सुटता आलं असतं. उस्तादचे कान बचावले असते, गाडी भंगारातून वाचली असती आणि त्याची स्वतःची इज्जतही. वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"कदाचित टायर..." तो पुटपुटला.

"टायर नाही साहेब," उस्ताद लगेच म्हणाला. "तुम्ही गिअरबॉक्स म्हणालात. तुमच्यासारखा माणूस टायर आणि गिअरबॉक्समध्ये चुकेल का?" आणि तो थोरलीकडे वळला. "बेटा, तू सांग. कसा होता आवाज?"

थोरलीने बापाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी होती. ती कान देऊन इंजिन ऐकत होती, आणि तिला तो आवाज आता सापडत नव्हता. तरी तिने तोंड उघडलं. "चक्की..."

"नव्हता," लिफ्टवाला म्हणाला.

इंजिनच्या आवाजात कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्याने हात आत घालून किल्ली फिरवली. शेडमध्ये एकदम शांतता झाली.

"आवाज नव्हता. मी खोटं बोललो. किंमत कमी व्हावी म्हणून."

बाहेर कुणीतरी पत्रा ओढत नेत होतं, तो खरखरत गेला.

"नक्की नव्हता?" उस्तादने विचारलं.

"नक्की."

"म्हणजे माझा कान..."

"तुमचा कान चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला."

उस्ताद एका टायरवर बसला. आधी त्याच्या तोंडावर हसू आलं, सुटका झालेल्या माणसाचं. मग ते हळूहळू विझलं. तो उठला, कोपऱ्यातल्या नळावर गेला आणि हात धूत राहिला. ग्रीस निघून गेलं तरी धूत राहिला.

बाईंनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं नाही. त्या उठून नळापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, मी तुला जे बोलले ते मला बोलायला नको होतं. दहा वर्षांच्या माणसाला सोडून मी दोन तासांच्या माणसावर विश्वास ठेवला. मला माफ कर." उस्तादने पाठमोऱ्यानेच मान हलवली.

मग त्या परत आल्या, पिशवीतून ती फाइल काढली, एक कोरा कागद काढला आणि पेन लिफ्टवाल्यापुढे धरलं. "लिहा."

"काय लिहू?"

"जे आत्ता बोललात ते. उद्या घेणाऱ्याला कुठून तरी कळेल की या गाडीत दोष निघाला होता. मला लपवाछपवी करायची नाही."

बॉनेटवर कागद ठेवून त्याने लिहिलं, शेवटी बाईंची माफीही मागितली. बाईंनी वाचलं आणि पेनाने एका शब्दाखाली रेघ मारली.

"हे काय लिहिलंय? 'चुकीची माहिती दिली'?"

"हो."

"चूक वेगळी, खोटं वेगळं. पस्तीस वर्षं मी चुका तपासल्या आहेत. ही चूक नाही."

त्याने तो शब्द खोडला आणि लेकीच्या देखत वर 'खोटी' असं लिहिलं. खाली नाव, हुद्दा आणि बाईंनी सांगितलं म्हणून फोन नंबरही. "विचारायला फोन आला तर तुम्ही उत्तर द्यायचं," त्या म्हणाल्या. "मी नाही देणार."

उस्तादच्या आठवडाभराच्या मजुरीचे पैसे त्याने काढून दिले. उस्तादने ते न मोजता खिशात टाकले. गाडीचा विषय कुणी काढला नाही.

काडेपेटीत बसल्यावर बराच वेळ त्याने गाडी चालू केली नाही. थोरली समोर बघत होती.

"तू माझ्यासाठी बोललीस, हे मला माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "ते खोटं माझं. तुझ्या अंगावर त्यातलं काही नाही."

"मी खोटं नव्हते बोलले," ती म्हणाली. "मला खरंच आला होता आवाज. तुम्ही म्हणालात आणि मला यायला लागला." मग तिचा आवाज फाटला. "आता मला काय ऐकू येतं ते मला कसं कळणार?"

आजवर कुठल्याही मशीनच्या खोलीत त्याला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी त्याने उत्तर बनवलं नाही; किल्ली फिरवली आणि गाडी चालू केली.

पुढच्या महिन्यात डब्यासारखी गाडी घरी आली. आई तिच्यात खुर्चीत बसावं तशी बसली आणि म्हणाली, "हीच का नाही घेतलीत आधी? वर्ष घालवलंत!" गाडी चांगली होती. त्याने तिला कधी नावं ठेवली नाहीत.

फोन मात्र येऊ लागले. पहिला आला तेव्हा तो एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये. "निळ्या गाडीच्या फाइलमध्ये तुमचा कागद बघितला," पलीकडचा माणूस म्हणाला. "खरं आहे का हे?" "खरं आहे. आवाज नव्हता. मी खोटं बोललो होतो," तो हळूच म्हणाला. पलीकडच्याला ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने सांगावं लागलं, आणि लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत ते वाक्य तळापर्यंत घुमत गेलं. सातव्या मजल्यावर दाराशी कुणीतरी बोलत होतं, ते गप्प झालं. दुसरा फोन घरी असताना आला, तो त्याने जिन्यात जाऊन घेतला.

तिसरा रविवारी दुपारी आला, सगळे जेवायला बसले होते. तो उठायला लागला. थोरली ताटाकडे बघत होती, पण तिचा घास हातातच थांबला होता. तो पुन्हा खाली बसला आणि तिथेच बोलला.

"हो, माझाच कागद आहे... नाही, दोष काहीच नाही. मी खोटं सांगितलं होतं, स्वस्तात मिळावी म्हणून... माझ्यावर विश्वास ठेवा असं कसं म्हणू? उस्ताद आहेत, त्यांना विचारा. पण गाडी चांगली आहे. बाई सांगतात ती किंमत द्या."

त्याने फोन ठेवला. आईला यातलं काही माहीत नव्हतं. "कसलं खोटं रे?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. थोरलीच्या समोरच सांगायचं असल्यामुळे काही गाळता आलं नाही. आईने ऐकून घेतलं, पाण्याचा घोट घेतला.

"बाईंची माफी मागितलीस?"

"त्या दिवशीच. कागदावर लिहून."

"आणि त्या मेकॅनिकची?"

तो थांबला. आठवून पाहिलं. "त्याला पैसे दिले."

"ते मी नाही विचारलं," आई म्हणाली.

जेवण झाल्यावर तो एकटाच गॅरेजवर गेला. उस्ताद एका टेम्पोखाली आडवा होता, नुसते पाय बाहेर. "कोण?" त्याने आतून विचारलं. "लिफ्टवाला," त्याने सांगितलं. आतला पान्याचा खडखड आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "थांबा," उस्ताद म्हणाला. लिफ्टवाला उन्हात उभा राहिला. अर्धा तास तरी झाला असेल. मग उस्ताद बाहेर आला. हात पुसत त्याने ऐकून घेतलं, "ठीक आहे," म्हणाला आणि परत खाली गेला. बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. त्याच आठवड्यात निळी गाडी विकली गेली, तिसऱ्या फोनवाल्याला, बाईंच्या किमतीत.

त्या रविवारी तो गॅरेजवरून घरी आला तेव्हा थोरलीने दार उघडलं. "काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले."

"म्हणजे माफ केलं?"

त्याने चपला काढल्या, जागेवर ठेवल्या. "ते त्यांनी सांगितलं नाही," तो म्हणाला.